बार्शीचा नाका आणि डोव्हरचा किनारा

1930 साली येरमाळ्याच्या माणसाला परदेश गाठायला बैलगाडी पुरायची. आमचं गाव निजामाच्या मुलखात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. मधलं अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. पण आजोबा कापसाची गाडी घेऊन बार्शीच्या पेठेला निघाले की वाटेत करोडगिरीचा नाका आडवा यायचा. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचं जकात खातं. माल बाहेर न्या नाहीतर आत आणा, शेकडा पाचाच्या हिशेबानं मोजा आणि पावती घ्या. खिशातला निजामाचा हाली रुपया पलीकडे कामाचा नाही, तिथे इंग्रजांचा कळदार लागायचा. आजोबा म्हणायचे, बैल रात्रीत पोचवतात, कारकून दुपारपर्यंत अडकवतो.

मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. नकाशे वाचण्यात जन्म गेला, त्यामुळे सीमेची गंमत मला ठाऊक आहे. बांधावर उभं राहून ती दिसत नाही, पण ओलांडताना पहिला माणूस भेटतो तो कागद मागणारा.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो इंग्लंडात केंटला नोकरी करतो. तिथे त्यानं खासगी वैमानिकाचा परवाना काढला. विमान त्याचं नाही, क्लबचं चार जणांचं सेस्ना 172 तासाच्या भाड्यानं मिळतं. त्याच्या मनात आलं, इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या ल तुकेला जेवायला जावं. फोनवर म्हणाला, “मामा, पाणी अकरा मिनिटांचं आहे, पण कागद संपत नाहीत.” मी म्हणालो, “आजोबांचीच तक्रार आहे ही. नकाशा पाठव.”

तेव्हापासून या खाडीवरून विमानं कशी गेली, याचा मला नाद लागला. वाचावं तितका माझा एक ग्रह पक्का होत गेला: पराक्रमाचा भाग लोकांनी पुष्कळ लिहिलाय, तयारीचा फार थोडा.

लुई ब्लेरिओचंच घ्या. 25 जुलै 1909 ला तो कॅलेजवळून उडाला आणि साडेछत्तीस मिनिटांच्या आसपास डोव्हरच्या किल्ल्यामागच्या कुरणात आदळला. ‘डेली मेल’चं हजार पौंडांचं बक्षीस त्याला मिळालं. पंचवीस अश्वशक्तीचं इंजिन, उंची जेमतेम अडीचशे फूट, आणि होकायंत्र नाही! खाली एक फ्रेंच युद्धनौका दिशा दाखवायला ठेवली होती, ती त्यानं मागे टाकली आणि पुढे काही काळ चहूकडे नुसतं पाणी. त्याच्या आधी सहा दिवस ह्युबर्ट लाथाम पाण्यात उतरला होता. बोट पोचली तेव्हा गडी तरंगत्या विमानावर बसून सिगारेट ओढत होता. ही चित्रं सगळ्यांना माहीत असतात. मला मात्र आवडतो तो डोव्हरचा सीमाशुल्क कर्मचारी. आकाशातून आलेल्या माणसासाठी त्याच्याकडे छापील नमुना नव्हता. त्यानं जहाजांचा नमुना घेतला, जहाजाच्या नावापुढे ‘मोनोप्लेन’ लिहिलं, कप्तान म्हणून ब्लेरिओ, आणि जहाजावर साथीचा रोग नसल्याचा दाखला देऊन टाकला. आमच्या करोडगिरीच्या कारकुनानंही अगदी हेच केलं असतं.

भाच्यानं पाठवलेल्या नकाशात खाडीचं सर्वांत अरुंद ठिकाण साधारण 33 किलोमीटरचं आहे, डोव्हरच्या बाजूनं निघून पलीकडे काप ग्री-ने या टोकापर्यंत. दोन्ही तीरांवर खडूचे उभे कडे आहेत, डोव्हरला आणि काप ब्लाँ-नेला. हवा स्वच्छ असली की वैमानिकाला ते लांबून पांढरे दिसतात. खडू म्हणजे चुन्याचाच दगड. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या येडेश्वरी देवीची पालखी आमराईकडे निघते, तेव्हा चुन्याच्या रानात लाखो लोक जी चुनखडी वेचतात, तिचीच ही विलायती भावकी.

खुणा बघून उडण्याचे दिवस फार भाबडे होते. पहिल्या महायुद्धानंतर लंडन-पॅरिस हवाई सेवा सुरू झाली, तेव्हा वैमानिक रस्ता किंवा रूळ पकडून जात. 7 एप्रिल 1922 ला उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात दोन विमानं समोरासमोर आली, एक पॅरिसकडे जाणारं, एक लंडनकडे. टक्कर झाली, सात माणसं गेली. त्यानंतर ठरलं की खुणेच्या एकाच बाजूनं जायचं. इतका साधा नियम सुचायला सात जीव जावे लागले.

त्याच्याही आधी, युद्धात, मुंबईचा एक मराठी तरुण त्या मुलखावरून लढाऊ विमान उडवत होता: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, 23 वं स्क्वाड्रन, सॉपविथ डॉल्फिन. जून 1918 मध्ये तो पडला. उत्तर फ्रान्समध्ये हांगार इथे त्याची कबर आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव मी कधी पाहिलं नाही.

आता 1930. आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं: इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट, भारतीय माणसानं एकट्यानं, ठरल्या मुदतीत उडून दाखवावं. तिघं उतरले. मनमोहन सिंग पोचले, पण मुदत उलटून गेल्यामुळे बक्षीस हुकलं. उरले दोघं, ॲस्पी इंजिनिअर आणि जेआरडी टाटा. ॲस्पी सतरा वर्षांचा. त्याच वर्षी मार्चमध्ये तो आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडला उडत गेला होता. आता तिकडूनच एकटा परत निघाला. जेआरडी कराचीहून निघाले. ते जुहूच्या क्लबात शिकलेले, 10 फेब्रुवारी 1929 चा देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांचा. विमानाचं वेड मात्र याच खाडीच्या काठचं. फ्रान्समध्ये आर्देलोच्या वाळूवर त्यांच्या घरच्यांचा सुट्टीतला मुक्काम असायचा, आणि शेजारी ब्लेरिओचं घर. पंधराव्या वर्षी तिथेच त्यांनी पहिली फेरी मारली.

दोघांकडेही जिप्सी मॉथ. एकावर एक दोन पंख, दोन उघड्या जागा, चार सिलिंडर, वेग ताशी 135 किलोमीटरच्या आसपास, बिनतारी यंत्र नाही. अशा विमानात काय न्यायचं, हे ठरवणं म्हणजेच बेत आखणं. वजन मोजून घ्यायचं: जादा पेट्रोल की जादा सामान? ॲस्पीचा बेत इथेच चुकला. इजिप्तमध्ये अबुकीरला तो अडकून पडला, कारण जादा स्पार्क प्लग नव्हते. कराचीकडून आलेले जेआरडी तिथेच उतरले आणि आपल्याजवळचे प्लग त्यांनी प्रतिस्पर्ध्याला दिले. ॲस्पी पुढे गेला, 11 मे रोजी कराचीला पोचला, जिंकला. जेआरडी तेव्हा फ्रान्सपर्यंत आले होते.

ही गोष्ट खिलाडूपणाचा धडा म्हणून सांगतात. सांगोत. जेआरडींनी आठवणीत सांगितलेली तिची दुसरी बाजू मात्र कमी लोकांच्या लक्षात राहते: बदल्यात ॲस्पीनं आपलं जीवरक्षक जाकीट त्यांना दिलं. ॲस्पीच्या पुढे आता बहुतेक वाळवंट आणि किनारा होता, इंजिनाला प्लग हवे होते. जेआरडींच्या पुढे भूमध्य समुद्र आणि शेवटी ही खाडी होती. मोजणी करणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर हा चोख हिशेब आहे, ज्याची वाट जशी तशी त्याची वस्तू. त्याच आठवड्यात ॲमी जॉन्सन ‘जेसन’ नावाची तिची जिप्सी मॉथ घेऊन क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि 10 मे ला कराचीत उतरली होती. त्या दोन दिवसांत कराचीच्या मैदानावर किती गर्दी उडाली असेल!

पुढे 1988 मध्ये विजयपत सिंघानिया मायक्रोलाइटमधून इंग्लंडहून अहमदाबादला आले, तेही या पाण्यावरून.

भाच्याचं इंजिन आता क्वचितच दगा देतं. तरी त्याच्या बेताचं मूळ तेच आहे, बंद पडलं तर कुठवर जाता येईल? सेस्ना हजार फुटांना साधारण पावणेतीन किलोमीटर घसरत जातं. सहा हजार फुटांवर असलं तर साडेसोळा. म्हणजे वारा नसेल तर 33 किलोमीटरच्या मध्यावरूनही कोणता तरी एक काठ गाठता येतो. म्हणून किनारा सोडण्याआधी सहा हजार फूट, शक्य तर जास्तच. जाकीट सामानात नाही, अंगात. पलीकडे पोचल्यावर किनारा डाव्या हाताला धरून दक्षिणेला, बुलोन्य, आर्देलो, ल तुके.

मग कागद. उड्डाणाचा आराखडा आधी द्यायचा, कारण मधे लंडन आणि पॅरिसच्या हवाई क्षेत्रांची सीमा आहे. विमानात कोण आहे याचा फॉर्म ब्रिटिश सरकारला निदान दोन तास आधी. फ्रेंच पोलीस आणि जकातवाल्यांना वेगळी सूचना, आणि उतरायचं ते जिथे ते येऊ शकतात अशाच विमानतळावर. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून हे जास्तच कडक झालंय. त्यात भाच्याचा पासपोर्ट भारताचा, म्हणून शेंगेन व्हिसा. त्याच्या क्लबातले गोरे मित्र आदल्या रात्री ठरवतात, हा महिनाभर आधी अर्ज भरतो.

ठरलेल्या शनिवारी त्याचा फोन आला. सगळी कागदपत्रं तयार, विमान राखीव, पण खाडीवर ढगांचा तळ अडीच हजार फुटांवर. ढगाखालून गेलो तर चालेल का, असं क्लबातल्या एका अनुभवी बाईंना त्यानं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, चालेल, पोहता येतं का? येरमाळ्याचं पोर, विहिरीत पोहलेलं. त्यानं बेत पुढच्या आठवड्यावर टाकला. व्हिसा महिनाअखेरपर्यंत आहे.