बालकांचे नेत्रआरोग्य (रायगड किनारपट्टी)

बालकांचे नेत्रआरोग्य या संज्ञेत जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत डोळ्यांची निगा, दृष्टिदोषांचे वेळीच निदान आणि उपचार यांचा समावेश होतो. रायगड जिल्ह्यातील उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांत हे काम मुख्यतः अंगणवाडी, शाळा व शासकीय आरोग्य पथके यांच्यामार्फत चालते.

दृष्टिदोष असलेले मूल सहसा तक्रार करीत नाही. प्रथमपासून धूसर दिसत असल्यास सर्वांना तसेच दिसते, अशी त्याची समजूत असते. फळ्याजवळ जाऊन वाचणे, वही नाकाशी धरणे, डोळे बारीक करणे, मान कलती ठेवणे या खुणा वर्गात दिसतात. पुष्कळदा त्यांची गणना आळसात किंवा मठ्ठपणात केली जाते.

मंददृष्टी

एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून बराच अधिक असल्यास किंवा डोळा तिरळा असल्यास मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो. या दोषाला मंददृष्टी किंवा बोलीत ‘आळशी डोळा’ म्हणतात. डोळा बाहेरून निरोगी दिसतो आणि दुसऱ्या डोळ्यावर काम निभावते, त्यामुळे दोष लपून राहतो. योग्य चष्मा आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकणे हा उपचार साधारणपणे सातव्या वर्षापूर्वी सर्वाधिक गुणकारी ठरतो. पुढे त्याचा उपयोग कमी होत जातो. तिरळेपणा हे भाग्याचे लक्षण मानून उपचार टाळण्याची जुनी समजूत म्हणूनच घातक आहे. बुबुळाच्या मध्यभागी पांढरी झाक दिसणे हे मोतीबिंदूचे किंवा दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. तेथे एक आठवडाही दवडू नये.

तपासणी

केंद्र शासनाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा जातात. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता वापरतात. मुलाने फक्त बोटांनी दिशा दाखवायची असते. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे झाकून पाहणे आवश्यक असते, अन्यथा मंददृष्टी निसटते. पुढील उपचारांसाठी मुलांना अलिबाग येथील जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी पाठवले जाते.

शाळेत फेरी वर्षातून एकदाच होत असल्याने त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाची पाळी वर्षभर लांबते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांबाबत हा धोका विशेष आहे.

आहार

‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो व पुढे बुबुळ निकामी होऊ शकते. नवव्या महिन्यात १ लाख एकक आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकक अशा नऊ मात्रा दिल्या जातात. शेवग्याचा पाला, लाल माठ, पपई, आंबा व अंडी यांतूनही हे जीवनसत्त्व मिळते. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या तेलाची आयात अडल्यावर भारतात मुशीच्या यकृताचे तेल काढण्यास चालना मिळाली, तीही या जीवनसत्त्वासाठीच.

इजा व लघुदृष्टी

पानतंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात फुटल्यास चुना डोळ्यांत उडून बुबुळ भाजते. अशा वेळी चुन्याचे कण काढून डोळा किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. मध, दूध, काजळ यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये. डोळे आल्यावरही हेच पथ्य लागू आहे.

लघुदृष्टीचा संबंध घराबाहेरच्या उजेडाशी असल्याचे दिसून आले आहे. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवल्यावर तीन वर्षांत लघुदृष्टी जडलेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. इतर शाळांत ते ३९.५ टक्के होते (२०१५). चष्मा लागल्यावर मात्र तो नियमित वापरावा लागतो. चष्मा वापरल्याने नंबर वाढतो ही समजूत निराधार आहे.