मोकळे केलेले हात : बाळापूर, १८६१ ते १९०१

१/ 'नीट' म्हटले की आपल्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आठवते. अर्थशास्त्रात मात्र या आद्याक्षरांचा अर्थ निराळा : शिक्षणात नाही, कामावर नाही, प्रशिक्षणातही नाही, असा तरुण. १९९९च्या एका ब्रिटिश सरकारी अहवालानंतर ही संज्ञा रूढ झाली. पण असे तरुण त्यापूर्वीही होते. त्यांच्या शोधात आज वऱ्हाडात जाऊ. #धागा

२/ अकोला जिल्ह्यातील बाळापूर आपल्याला किल्ल्यामुळे आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीमुळे ठाऊक असते. पण हे कारागिरांचेही गाव होते. इथली पागोटी नावाजलेली होती; हातकागदही इथे बनत असे.

३/ विणकराच्या घरी मूल आधी कांड्या भरी, मग ताणा लावण्यास मदत करी आणि पुढे केव्हातरी मागावर बसे. कागद्याच्या घरी लगदा कुटणे, ताव उचलणे, तो वाळवून घोटणे. काम हीच शाळा होती. म्हणूनच माग थांबला की मुलाचे काम आणि शिक्षण दोन्ही एकाच दिवशी थांबत. मंदीचा विचार करताना आपण बुडालेली मजुरी मोजतो; ही दुसरी हानी सहसा मोजत नाही.

४/ १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोहोचली. रूळ बाळापुरातून नव्हे, पारसवरून गेले. गाडी कापूस नेई आणि येताना गिरणीचे कापड आणी.

५/ हा केवळ बाजाराचा खेळ होता का? कापूस खात्याचे आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी अहवालात आशा व्यक्त केली होती की, रेल्वेचा फाटा झाला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, इथे सुतासाठी खपणारा कापूस निर्यातीला मिळेल आणि कताई-विणाईतले लोक शेतमजुरीसाठी मोकळे होतील. मी हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा 'मोकळे' या कल्पनेपाशीच अडखळलो. खामगावचा फाटा १८७०मध्ये सुरू झाला.

६/ मोकळे झालेले हात गेले कुठे? शेतात, पण कापसाच्या शेतात वर्षभर काम नसते. निंदणी, वेचणी, मग जिनातला हंगाम, आणि उन्हाळाभर पुन्हा रिकामपण. विणकराचा मुलगा तिथे अकुशल मजूर ठरे. मुलींचे तर काम आधीच गेले होते, कारण गिरणीच्या सुताने चरखा मागाच्या आधी थांबवला.

७/ मग हे तरुण आकड्यांत का दिसत नाहीत? १९०१च्या जनगणनेत लोक 'प्रत्यक्ष काम करणारे' आणि 'अवलंबून असणारे' असे विभागले होते. विणकराच्या घरात बसून असलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या रकान्यात, बापाच्या धंद्याखाली जाई. बेकारांचा रकानाच नसल्यावर बेकारी दिसणार कशी?

८/ १८९९-१९००च्या दुष्काळात हे सारे उघडे पडले. शेत करपले, तेव्हा शेतावर ढकललेल्यांना परतायला मागही उरला नव्हता. सरकारने दुष्काळी कामे काढली : माती वाहणे, गिट्टी फोडणे. हातोड्याने विणकराच्या बोटांची नजाकत जाते, ही तक्रार त्या काळच्या सरकारी चर्चेतही आली होती. १८९१ ते १९०१ या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली.

९/ १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना राज्यभर राबवली. १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला, आणि ही मोठीच झेप होती. काम मात्र अकुशल अंगमेहनतीचेच ठरले : नाला बांध, पाझर तलाव, रस्ते, आणि रस्त्यासाठी गिट्टी.

१०/ बाळापूर परिसरात कुणाच्या घरी जुना माग, चरखा किंवा कागद घोटायचा दगड असेल, तर छायाचित्र जरूर पाठवा. पुढचा धागा १९२९च्या मंदीतील वऱ्हाडी कापसावर.