पिक्चर सुरू व्हायच्या आधी

"सावकाश चला, अजून डॉक्युमेंटरीच चालू असेल." नाशिकला आमच्या घरातून पिक्चरला निघताना बाबांचं हे वाक्य ठरलेलं. तुमच्याकडेही असेलच! आई मात्र आमची बोटं धरून पुढे निघायची. तिला समाचार चित्र चुकवायचं नसे.

सरकारी फितींचं हे प्रकरण सुरू झालं इंग्रजांच्या युद्धापायी. १९४० मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड निघालं. काही काळ आपले व्ही. शांताराम तिथे होते. मग 'इंडियन न्यूज परेड' आलं, आणि १९४३ पासून अशा फिती दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं झालं. हा युद्धाचा प्रचार म्हणून लोक नाकं मुरडत. १९४६ मध्ये ते खातं बंद पडलं आणि गंमत पाहा, १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारकडे स्वतःचं न्यूजरील खातंच नव्हतं! १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आलं. इंग्रज गेले, सक्ती राहिली. वर थिएटरवाल्यांनी भाडंही भरायचं.

खरं तर आमच्या नाशकात हे काम कुणाच्या सक्तीशिवाय झालं होतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये कंपनी दादरहून इथे आणली. पौराणिक चित्रपटांबरोबर त्यांनी तळेगावचा काच कारखाना, सिंहस्थ पर्वणी अशा छोट्या फितीही काढल्या. असो.

आईचं कारण वेगळं होतं. १९६२ मध्ये तिचा धाकटा भाऊ नेफात बेपत्ता झाला. एक तार आली, पुढे काहीच नाही. समाचार चित्रात जवान दिसायचे, कुणी ट्रकमधून हात हलवताना, कुणी बर्फात चहा पिताना. दोन-तीन सेकंदांत चेहरे निघून जायचे. एकदा ती एकदम उभीच राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, खाली बसा!" बाबा तेव्हा बाहेर पानाच्या गादीवर होते. घरी आल्यावर आईनं सांगितलं, ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर पिक्चरला उशिरा निघणं बंद झालं.

२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत विलीन झालं. त्यांच्या पुष्कळ जुन्या फिती आता यूट्यूबवर आहेत. रात्री कधीतरी लावतो. जवान आले की फीत थांबवता येते, हवा तितका वेळ. पण मामाचा चेहरा ओळखेल असं आता घरात कुणी नाही.