आचमन : विनयपिटकातील एक दुर्लक्षित आरोग्यनियम

‘आचमन’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पळीभर पाणी तळहातावर घेऊन मंत्रोच्चारासह प्राशन करणारा पुरोहित उभा राहतो. पाली विनयपिटकात मात्र याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे ‘आचमन’ म्हणजे शौचानंतर पाण्याने गुदद्वार धुणे होय. ‘आचमनकुंभि’ म्हणजे त्यासाठी शौचकूपाजवळ ठेवलेला पाण्याचा रांजण, ‘आचमनसरावक’ म्हणजे पाणी घेण्याचे पसरट पात्र आणि ‘आचमनपादुका’ म्हणजे धुताना पाय ठेवण्याची जागा. एका परंपरेने जो शब्द कर्मकांडाकडे नेला, तो दुसऱ्या परंपरेने देहाच्या एका साध्या गरजेसाठी वापरला. हा भेद केवळ कोशापुरता नाही, असे आमचे मत आहे.

चुल्लवग्गाच्या आठव्या म्हणजे वत्तक्खन्धकात या नियमाची निदानकथा आली आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेण्यास तयार नव्हता. या दुर्गंधीयुक्त, हीन वस्तूला हात कोण लावणार, असा त्याचा सवाल होता. परिणामी त्याच्या गुदमार्गात कृमी झाले. त्याने ही गोष्ट इतर भिक्खूंना सांगितली, त्यांनी कारण विचारले आणि प्रकरण तथागतांपर्यंत गेले. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला की, पाणी उपलब्ध असताना शौचानंतर न धुणाऱ्यास दुक्कट आपत्ती, म्हणजे लहान दोष, लागेल.

या कथेतील एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या भिक्खूने आपल्या देहाच्या मळासाठी वापरलेला शब्द आहे ‘वसल’. सुत्तनिपातातील वसलसुत्त अनेक उपासकांच्या परिचयाचे आहे. श्रावस्तीत अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने तथागतांना हाच शब्द तुच्छतेने वापरला होता आणि जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो, हे तथागतांनी त्याला समजावून दिले. समाजात ज्या शब्दाने माणसांना दूर लोटले जाई, त्याच शब्दाने हा भिक्खू स्वतःच्या शरीरालाही दूर लोटत होता. अस्पृश्यतेची भावना एकदा मनात मुरली की ती दुसऱ्याच्या सावलीपाशी थांबत नाही, ती स्वतःच्या अवयवांपर्यंत पोहोचते आणि मग शरीरच त्याचे फळ भोगते. विनयपिटकाने ही गोष्ट कोणताही उपदेश न करता, एका व्याधीच्या नोंदीतून सांगितली आहे.

धुण्याचा नियम घालून तथागत थांबले नाहीत, ते कसे करावे हेही त्यांनी सांगितले. वच्चकुटिवत्त, म्हणजे शौचगृहाचे आचारनियम, वाचताना त्यांतील सौम्यतेचा आग्रह प्रकर्षाने जाणवतो. शौचगृहात घाईने शिरू नये. कुंथत मलविसर्जन करू नये. पुसण्यासाठी ‘अवलेखनकट्ठ’ म्हणजे लाकडाची काडी वापरली जाई, ती खरखरीत असता कामा नये. वापरलेली काडी कूपात टाकू नये, तिच्यासाठी वेगळे भांडे ठेवावे.

एवढी काळजी कशासाठी? याचे उत्तर महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात सापडते. राजगृहात आकासगोत्त नावाचा वैद्य एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालवीत होता. तथागत येताना दिसताच त्याने त्या रुग्णाच्या गुदद्वाराला घोरपडीच्या तोंडाची उपमा देऊन थट्टा केली. तथागत तेथून मुकाट्याने परतले, भिक्खुसंघ एकत्र बोलावला आणि त्या जागी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. दिलेले कारण शरीरशास्त्राचे आहे: तेथील त्वचा नाजूक असते, जखम भरून येणे कठीण असते आणि शस्त्र सांभाळून चालवणेही कठीण असते. आज भगंदरावर शस्त्रक्रिया सुरक्षितपणे करता येते आणि ती आवश्यक असेल तर अवश्य करून घ्यावी. परंतु नाजूक त्वचेविषयीचे ते निरीक्षण आजही खरे आहे. याच व्याधीने बिंबिसार राजाचे वस्त्र रक्ताने माखे व राण्या त्याची चेष्टा करीत. जीवकाने नखाच्या टोकावर मावेल इतका लेप लावून ती बरी केली, असे महावग्गाचा चीवरक्खन्धक सांगतो. रुग्णाची थट्टा करणारा वैद्य आणि थट्टेचा विषय झालेल्या रुग्णाला निमूटपणे बरे करणारा वैद्य, अशी दोन्ही चित्रे विनयात आहेत. त्याच खन्धकात खाज, फोड व स्राव यांनी पीडित भिक्खूंना नाभीखाली व गुडघ्यांवर गुंडाळण्यासाठी ‘कण्डुपटिच्छादि’ नावाच्या स्वतंत्र वस्त्राची अनुज्ञा आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांचे चीवर व्रणांना चिकटत असे, त्यावरून ती दिली गेली.

याची तुलना मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाशी करून पाहावी. तेथेही शौचाचा विचार आहे, पण मोजमाप निराळे आहे. गुदास तीन वेळा माती, डाव्या हातास दहा वेळा, दोन्ही हातांस सात वेळा. ब्रह्मचाऱ्यास याच्या दुप्पट, वानप्रस्थास तिप्पट, यतीस चौपट. त्वचा सर्वांची सारखीच, मग माती आश्रमानुसार का वाढावी? कारण तेथे प्रश्न पावित्र्याचा आहे. विनयात तो आरोग्याचा आहे, म्हणून पाणी पुरे झाले.

आधुनिक वैद्यक याबाबतीत विनयाच्या बाजूने उभे आहे. गुदद्वाराच्या खाजेचे एक कारण मळाचा अंश राहून जाणे हे आहे, तसेच अति घासणे, वारंवार साबण लावणे आणि सुगंधी द्रव्ये वापरणे हेही आहे. खाजवल्याने त्वचा सोलवटते आणि सोलवटलेली त्वचा अधिक खाजते. म्हणून शौचानंतर साध्या कोमट वा थंड पाण्याने हलक्या हाताने धुवावे, तेथे साबण टाळावा, मऊ सुती कापडाने न घासता टिपून कोरडे करावे, सैल सुती अंतर्वस्त्र वापरावे, नखे कापलेली ठेवावीत आणि हात मात्र साबणाने धुवावेत. भाज्या, फळे, डाळी व पुरेसे पाणी घेतल्यास कुंथावे लागत नाही. मुलांना रात्री खाज सुटत असेल तर बारीक जंतांचा संशय घ्यावा. त्यावरील औषध बहुधा घरातील सर्वांना एकाच वेळी घ्यावे लागते. रक्त, गाठ, स्राव वा वेदना असल्यास, किंवा काही आठवड्यांत आराम न पडल्यास, डॉक्टरांकडे जावे. मूळव्याध, भगंदर, बुरशी यांचे निदान लाजेने होत नाही. त्या भिक्खूनेही शेवटी आपली व्यथा सोबत्यांना सांगितली होती.

नियमातील ‘पाणी असताना’ ही अट आम्हास फार महत्त्वाची वाटते. ज्याला पाणीच मिळत नाही, त्याच्यावर दोष येत नाही. मग पाणी असूनही ते दुसऱ्याला नाकारणाऱ्यांचा दोष किती मोठा? २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर हाच प्रश्न देशासमोर उभा केला. स्वच्छतेचे साधन हिरावून घ्यायचे आणि मग त्याच माणसांना अस्वच्छ म्हणायचे, ही व्यवस्थेची रीत होती.

विनयाने आणखी दोन गोष्टी केल्या. पूर्वी भिक्खू ज्येष्ठतेनुसार शौचास जात. आधी आलेले नवे भिक्खू थांबून राहत आणि वेग रोखल्याने मूर्च्छित होऊन पडत. तथागतांनी येण्याच्या क्रमाने जाण्याची अनुज्ञा दिली. दुसरे असे की, शौचगृह मळलेले दिसल्यास ते स्वतः धुवावे, केर असल्यास झाडावा, काड्यांचे भांडे भरले असल्यास रिकामे करावे, रांजणात पाणी नसल्यास भरावे, हे प्रत्येक भिक्खूचे वत्त ठरले. त्यासाठी कोणतीही जात नेमली नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या देशाला १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा वत्ताचे मोल कळते.

आमच्या विहारांतून पंचशीलाचे पठण होते, ते व्हावेच. त्याबरोबर विहाराच्या शौचगृहात पाणी आहे की नाही, ते कोण धुतो आणि वृद्ध उपासक-उपासिकांना आपली दुखणी संकोचाशिवाय सांगता येतात की नाही, हेही पाहिले पाहिजे. आचमनाचा विनयातील अर्थ आचरणात आणण्याची सुरुवात तेथूनच होईल.