अंकी ॲप आणि शब्दसंग्रह: स्पेस्ड रिपीटिशन नेमकं काम कसं करतं?

सोमवारी एका बैठकीत पाठ केलेले जर्मन शब्द शुक्रवारी आठवत नाहीत, तेव्हा आपण स्मरणशक्तीला दोष देतो. खरं तर चुकलेली असते उजळणीची वेळ. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो, नंतर तो मंदावतो. म्हणून शब्द विसरायच्या बेतात असतानाच तो पुन्हा समोर यायला हवा. यालाच स्पेस्ड रिपीटिशन म्हणतात.

ॲप तारीख कशी ठरवतं?

पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ च्या एसएम-२ या अल्गोरिदममध्ये पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी ६ दिवसांनी होते. पुढे आधीच्या अंतराला साधारण २.५ ने गुणायचं: १५ दिवस, मग ३८. शब्द विसरलात की पुन्हा १ दिवसापासून सुरुवात. अंकीची जुनी पद्धत यावरच बेतलेली आहे. २०२३ पासून त्यात एफएसआरएस हा पर्यायही आहे. तो तुमच्याच उत्तरांच्या नोंदींवरून अंतर ठरवतो. अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड मोफत मिळतं; आयफोनवरचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं.

कार्ड कसं बनवायचं?

नुसतं ‘टिश’ लिहू नका, ‘देर टिश’ लिहा. मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, पण ती जुळतीलच असं नाही. ‘ते घर’ आणि ‘दास हाउस’ दोन्ही नपुंसकलिंगी. पण आपलं ‘ते टेबल’ तिकडे पुल्लिंगी ‘देर टिश’ होतं. शक्य असेल तर सोबत छोटं वाक्य आणि उच्चाराचा ऑडिओही टाका.

गाडी कुठे अडते?

रोज २० नवे शब्द घेतले, तर काही आठवड्यांत रोजची उजळणी साधारण २०० कार्डांवर जाते. परीक्षेच्या तोंडावर चार दिवस सुट्टी घेतली की ढीग साचतो आणि बरेच जण तिथेच ॲप सोडतात. त्यामुळे रोज ५ ते १० शब्दच घ्या. ढीग साचलाच, तर नवे शब्द थांबवून आधी जुने संपवा.

आणखी एक: शब्द आठवला नाही, तर ‘हार्ड’ नाही, ‘अगेन’ दाबा. ‘हार्ड’चा अर्थ ॲप ‘कष्टाने का होईना, पण आठवला’ असा घेतं. चुकीचं बटण दाबलं, तर पुढची तारीखही चुकीचीच येणार.