स्पॅस्मॉडिक डिस्फोनिया : निदानाचा इतिहास

1854 साली मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. डॉक्टरांना स्वरयंत्र पाहण्याचे साधन मिळाले. पण साधनाला जे दिसत नाही ते नाहीच, असे मानण्याची सवयही त्याबरोबर लागली.

1871 मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग ट्राउबे यांनी दाबलेल्या, मध्येच तुटणाऱ्या आवाजाचे वर्णन केले आणि त्याला ‘नर्व्हस’ घोगरेपणाचा एक प्रकार म्हटले. आरशात पाहावे तर गाठ नाही, सूज नाही, लकवा नाही. शिवाय रुग्ण हसताना, कुजबुजताना, पुष्कळदा गातानाही ठीक! म्हणजे आजार मनाचा, असा निष्कर्ष निघाला आणि तो जवळजवळ शंभर वर्षे टिकला. या रुग्णांत स्त्रिया अधिक, हेही त्या समजुतीच्या पथ्यावर पडले असावे.

1968 मध्ये मेयो क्लिनिकच्या आर्नल्ड अॅरनसन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मानसिक व मज्जासंस्थेच्या तपासण्या करून या समजुतीला धक्का दिला. ज्या लक्षणावरून रुग्णावर संशय घेतला जाई, तेच आता निदानाची खूण ठरते : बिघाड विशिष्ट कामापुरताच असतो. लिहितानाच बोटे आखडणाऱ्या माणसाची आठवण ठेवा.

म्हणून तपासणीत वाक्ये निवडून बोलायला लावतात. तुम्ही शाळेत शिकलेले घोष-अघोष वर्ण इथे उपयोगी पडतात. स्वरतंतू आवळणाऱ्या प्रकारात ‘आई घरी आली’ यासारखे घोष वर्णांचे वाक्य तुटते. उघडणाऱ्या प्रकारात ‘पाच कप कॉफी’ म्हणताना हवा निसटते. लांब ‘आ’ काढताना आवाज ठरावीक लयीत थरथरला, तर कंपाचा विचार करावा लागतो.

स्ट्रोबोस्कोपचे काय, असे अभियांत्रिकीचे विद्यार्थी विचारतील. त्याचे प्रकाशझोत कंपनाच्या वारंवारितेशी जुळवलेले असतात. आवाज अनियमित झाला की जुळणी सुटते आणि चित्र विस्कटते. तिथे अतिवेगवान कॅमेरा लागतो.

1976 मध्ये हर्बर्ट डेडो यांनी स्वरयंत्राची एका बाजूची नस कापण्याची शस्त्रक्रिया मांडली. काहींचा त्रास पुढे उलटला. 1984 मध्ये अँड्र्यू ब्लिट्झर यांनी स्वरयंत्राच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिन टोचले. त्याचा परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा सुई घ्यावी लागते.