प्रवेशद्वारी पडताळणी: पीएचपीतील फॉर्मच्या माहितीचा इतिहास

संकेतस्थळावरील फॉर्ममध्ये वापरकर्त्याने भरलेली माहिती प्रोग्रामपर्यंत सहज पोहोचावी, ही पीएचपी या भाषेची अगदी आरंभापासूनची ओढ होती. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या या साधनाला पुढे ‘पीएचपी/एफआय’ असे नाव पडले, त्यातील ‘एफआय’ ही अक्षरे फॉर्मचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेचीच निदर्शक होती. फॉर्ममधील प्रत्येक रकान्याच्या नावाचे एक चल, म्हणजे मूल्य साठवणारी जागा, प्रोग्राममध्ये आपोआप तयार होत असे. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या सोयीमुळे नवशिक्यांनाही काही ओळींत काम साधता आले; परंतु पासवर्ड जुळल्यावरच ‘अधिकृत’ या चलात १ भरणाऱ्या प्रोग्रामकाराने त्या चलाला आरंभी शून्य हे मूल्य दिले नसेल, तर पत्त्याच्या शेवटी ‘अधिकृत=१’ एवढे जोडून कोणालाही आत शिरता येत असे.

दुसरा धोका डेटाबेसचा होता. एसक्यूएल या भाषेतील आज्ञेत मजकूर अवतरणचिन्हांमध्ये बंदिस्त असतो, त्यामुळे वापरकर्त्याने स्वतःच अवतरणचिन्ह टंकले तर मजकूर तेथेच संपतो आणि पुढील अक्षरे आज्ञेचा भाग ठरतात. यावर ‘मॅजिक कोट्स’ हा उपाय योजण्यात आला, ज्यात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी, तसेच मजकुरात आधीच असलेल्या प्रत्येक बॅकस्लॅशपूर्वीही, बॅकस्लॅश ही तिरकी रेघ आपोआप घातली जाई. मात्र माहिती डेटाबेसात जाणार आहे, ईमेलमध्ये की थेट पडद्यावर, हे या यंत्रणेला ठाऊक नसे. परिणामी ‘ओ'ब्रायन’ हे आडनाव पडद्यावर ‘ओ\'ब्रायन’ असे उमटे, आणि तेच पुन्हा फॉर्ममधून पाठवले की ‘ओ\\\'ब्रायन’ होई.

डिसेंबर २००१ मधील ४.१.० या आवृत्तीने बाहेरून आलेली माहिती ‘गेट’, ‘पोस्ट’ अशा स्वतंत्र संचांत सर्वत्र उपलब्ध करून दिली आणि एप्रिल २००२ मधील ४.२.० ने ‘रजिस्टर ग्लोबल्स’ मुळातच बंद ठेवले, त्यामुळे परके काय आणि आपले काय हे प्रोग्राममध्ये स्पष्ट दिसू लागले. २००५ मध्ये ५.१ सोबत आलेल्या ‘पीडीओ’ या डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनाने आज्ञेचा साचा आणि त्यात भरायची मूल्ये वेगळी ठेवण्याची सोय दिली, तर २००६ मधील ५.२ ने ‘फिल्टर’ हा विभाग भाषेत समाविष्ट करून ईमेल पत्ता किंवा पूर्णांक तपासण्याची तयार साधने पुरवली. अखेर मार्च २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीतून ‘रजिस्टर ग्लोबल्स’ आणि ‘मॅजिक कोट्स’ हे दोन्ही कायमचे काढून टाकण्यात आले.

या वाटचालीतून दोन कामांमधील भेद प्रस्थापित झाला. पडताळणी म्हणजे आलेले मूल्य अपेक्षित प्रकारचे आणि मर्यादेतले आहे का हे पाहणे, आणि ती माहिती आत येतानाच करावी लागते. एस्केपिंग म्हणजे विशेष अर्थाच्या चिन्हांना निरुपद्रवी करणे, आणि ते माहिती बाहेर जाताना, ती जेथे जाणार त्या ठिकाणच्या नियमांनुसारच करता येते. २०२१ मध्ये ८.१ या आवृत्तीने मजकूर सरसकट ‘स्वच्छ’ करणारा एक जुना फिल्टर कालबाह्य ठरवला, तोही याच भेदाला धरून. भाषेने प्रोग्रामकाराच्या नकळत केलेले संरक्षण अपुरे पडले, कारण माहितीचे प्रयोजन केवळ प्रोग्रामकारालाच ठाऊक असते. म्हणून तिच्या सुरक्षिततेचा निर्णयही त्यानेच जाणीवपूर्वक घेतला पाहिजे.